परदेशी ऑर्डर घेणाऱ्या नव्या कारखान्याने माणसं कशी नेमावी आणि कशी टिकवावी : कुपवाड-मिरजेच्या अनुभवातून

फेब्रुवारीतला शुक्रवार होता, संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात मी तेव्हा एकटाच कर्मचारी विभाग सांभाळत होतो. जर्मनीला जाणारे पंपाचे सुटे भाग कंटेनरमध्ये भरून झाले होते, ड्रायव्हर दोनदा केबिनपाशी येऊन गेला होता, पण कागदपत्रं पुढे सरकत नव्हती. निर्यातीची सगळी कागदं बघणाऱ्या ताई त्या दिवशी रजेवर होत्या, त्यांच्या लेकराला ताप होता. डिजिटल सहीचा टोकन मालकांच्या खणात होता, त्याचा पासवर्ड ताईंच्या डायरीत आणि डायरी ताईंच्या पर्समध्ये. खरेदीदाराने माल उतरवायचा पत्ता बदलल्याची मेल फक्त त्यांच्याच इनबॉक्समध्ये आली होती. आम्ही घाईघाईत जुन्या पत्त्याचं इन्व्हॉइस सीएचएकडे, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाकडे, पाठवलं. चूक लक्षात येऊन दुरुस्ती होईपर्यंत न्हावा शेव्याला जहाजाची वेळ निघून गेली आणि माल आठ दिवस उशिरा निघाला. खरेदीदार महिनाभर काही बोलला नाही. पुढची ऑर्डर मात्र निम्मी आली.

सोमवारी मालक ताईंवर चिडले आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही खंत आहे, कारण चूक ताईंची नव्हतीच. त्या वर्षी आम्ही दोन नवी सीएनसी (संगणकावर चालणारी) मशिनं घेतली होती, पण ताईंच्या जोडीला एक माणूस घेतला नव्हता.

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस या पट्ट्यात आज असे बरेच नवे कारखाने आहेत. मालक तिशी-पस्तिशीचा, धंदा तीन-चार वर्षांचा, माणसं पंधरा ते चाळीस, आणि निम्म्याहून जास्त माल परदेशी. कुणी कास्टिंग मशिन करून पाठवतं, कुणी बेदाणा, कुणी हळद पावडर, कुणी द्राक्षं. या लेखातल्या पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत.

आधी आपला कारखाना कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

पूर्वी समजूत अशी होती की धंदा आधी गावात मुरतो, मग राज्यात, मग देशात, आणि शेवटी बाहेर जातो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या जोहान्सन आणि वाल्ने या दोघांनी १९७७ मध्ये हीच पायरीपायरीची वाट शास्त्रशुद्ध मांडली. पुढे १९९४ मध्ये ओव्हियाट आणि मॅकडूगल यांनी दाखवलं की काही कंपन्या जन्मापासूनच परदेशात विकायला लागतात, मधल्या पायऱ्या चढतच नाहीत. कुपवाडमधला जो कारखाना पुण्याला माल न देता थेट स्टुटगार्टला देतो, तो या दुसऱ्या जातीचा.

या जातीच्या कारखान्यावर दोन ओझी एकदम पडतात. एक नवखेपणाचं. आर्थर स्टिंचकोम यांनी १९६५ मध्येच नोंदवलं होतं की नव्या संस्था जुन्यांपेक्षा लवकर मोडतात, कारण तिथे कुणी काय करायचं हे अजून बसलेलं नसतं आणि माणसांचा एकमेकांवर विश्वास जमलेला नसतो. दुसरं ओझं परकेपणाचं : समोरचा गिऱ्हाईक तुम्हाला ओळखत नाही, त्याचे नियम तुम्हाला माहीत नाहीत. जमेची बाजूही आहे. ऑटिओ, सॅपिएन्झा आणि आल्मेडा यांनी २००० मध्ये मांडलं की तरुण कंपनी परदेशी बाजार लवकर शिकते, कारण तिला जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. मी स्वतः बघितलंय : वीस वर्षं लोकल माल काढलेल्या सेटरला (मशिन लावून देणाऱ्याला) नवा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, पटवायला महिना जातो, नव्या पोराला एक आठवडा पुरतो.

म्हणजे तुमची खरी ताकद लवकर शिकण्यात आहे, आणि शिकतात ती माणसं. ती गेली की शिकलेलंही जातं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हाच एक विचार आहे.

पहिली पायरी : कुणाच्या डोक्यात काय आहे ते कागदावर आणा

एक शनिवार दुपार काढा. मोठा कागद घ्या आणि ऑर्डर आल्यापासून पैसे बँकेत पडेपर्यंतची सगळी कामं एकाखाली एक लिहा : कोटेशन, ड्रॉइंग वाचणं, प्रोग्रॅम, सेटिंग, तपासणी, पॅकिंग, इन्व्हॉइस, सीएचएशी बोलणं, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), बँकेत कागद देणं, तक्रारीला उत्तर. प्रत्येक कामासमोर ते आज कोण करतं आणि तो नसेल तर कोण करेल, ही दोन नावं लिहा. दुसरा रकाना जिथे रिकामा राहील तिथे लाल गोल करा. पहिल्या खेपेला निम्मा कागद लाल होतो, घाबरू नका.

पासवर्ड, ओटीपीचे मोबाइल नंबर, डिजिटल सही, खरेदीदाराशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं हेही यात धरा. ओटीपीसाठी कंपनीचं स्वतंत्र सिम घ्या आणि निर्यातीची मेल एका सामाईक पत्त्यावर येऊ द्या, जो किमान दोघं जण रोज उघडतात. नुसतं एवढं केलं असतं तर आमचा तो शुक्रवार टळला असता.

मशिनवरची माहिती कागदावर आणणं जास्त अवघड, पण तिथेच खरी दौलत आहे. आमच्याकडे डिबरिंगला, म्हणजे मशिनिंगनंतर कडेला राहिलेली धातूची बारीक कूस (बर) काढायला, एक मामा होते. भाग हातात घेतला की ते आडव्या भोकात करंगळी घालून फिरवायचे आणि नखाला काही अडलं की तो बाजूला ठेवायचे. ड्रॉइंगवर त्या जागी फक्त ‘बर नको’ एवढंच लिहिलेलं होतं. मामा आजारी पडले त्या पंधरवड्यात त्याच भोकातल्या बरची तक्रार आली. नंतर आम्ही मामांना शेजारी बसवून मोबाइलवर चार मिनिटांचा व्हिडिओ काढला, चांगला आणि वाईट असे दोन नमुने टेबलाला तारेने बांधून ठेवले, आणि वर मराठीत तीन ओळींची पाटी लावली. खर्च शून्य. मामांना त्याचा अभिमान वाटला हे वेगळंच.

पॅकिंगचंही तसंच. समुद्रावरच्या दमट हवेत कास्टिंग गंजतं, म्हणून व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी कशी बंद करायची, ओलावा शोषणाऱ्या पुड्या किती टाकायच्या, घामेजल्या हाताने भाग का धरायचा नाही, हे पॅकिंग करणाऱ्या प्रत्येक बाईला आणि पोराला माहीत हवं. एकट्या सुपरवायझरला माहीत असून चालत नाही.

दुसरी पायरी : पहिली दहा माणसं सावकाश निवडा

स्टॅनफर्डच्या जेम्स बॅरन, मायकेल हॅनन आणि डायान बर्टन यांनी १९९४ पासून सिलिकॉन व्हॅलीतल्या जवळपास दोनशे नव्या कंपन्यांचा मागोवा घेतला. संस्थापकाने सुरुवातीला माणसांबद्दल जी रीत धरली, ती पुढे खोलवर मुरते आणि मध्येच बदलायला गेलं की माणसं सोडून जातात, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे हे सांगायला संशोधन लागत नाही. पहिल्या दहा जणांना तुम्ही पगार कधी दिला, शिवी दिली की नाव घेऊन हाक मारली, चूक झाल्यावर काय केलंत, हे अकराव्याला पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत कळतं.

माणसं मिळतात कुठे? मशिनसाठी सांगली-मिरजेच्या आयटीआय, डिझाइन आणि दर्जासाठी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं. वालचंद कॉलेज १९४७ पासून इथेच आहे. पण तिथली चुणचुणीत मुलं पुण्याला जातात आणि त्यांच्याशी पगारात बरोबरी करायला जाणं मला व्यर्थ वाटतं. त्यापेक्षा परतणारी माणसं शोधा. पाच-सात वर्षं चाकण-हिंजवडीत काढलेला, घरी आई-वडील थकलेले, मुलांना शाळेत घालायची वेळ आलेली असा माणूस मिरजेत भेटतो. लग्न होऊन इकडे आलेल्या, आधी मुंबई-पुण्यात निर्यातीच्या कामाचा अनुभव असलेल्या बायका तर हमखास भेटतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना कामाची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून द्या. आमच्या ताई अशाच मिळाल्या होत्या.

मुलाखतीत इंग्रजी किती फाडफाड बोलतो हे बघू नका. खरेदीदाराची एखादी खरी तक्रारीची मेल, नाव काढून, उमेदवारापुढे ठेवा आणि अर्ध्या तासात उत्तर लिहायला सांगा. जो आधी विचारतो की ‘साहेब, हा लॉट नेमका कधीचा?’ त्याला घ्या. जो तीन परिच्छेद माफी मागतो पण लॉट नंबर विचारत नाही, तो मागे राहू द्या. ऑपरेटरची परीक्षा मशिनवर घ्या, आणि त्या दिवसाचा पगार द्या.

नात्यातली माणसं? चुलतभाऊ, मेहुणा हे सुरुवातीला लागतातच, आणि रात्री दोनला कंटेनर भरायला तेच येतात. फक्त दोन गोष्टी आधीच ठरवा : त्यांनाही नेमणूकपत्र आणि हजेरी सगळ्यांसारखीच, आणि तपासणीचं काम नातेवाइकाच्या हाताखाली नको. फायनल इन्स्पेक्शनला ‘नाही’ म्हणणारा माणूस लागतो. मेहुण्याला ‘नाही’ म्हणणं कठीण जातं, त्याच्या हाताखालच्याला तर अशक्यच.

तिसरी पायरी : नेमणूकपत्र, मराठीत, पहिल्याच दिवशी

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. लहान कारखान्याच्या दृष्टीने त्यातल्या काही गोष्टी तातडीच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं. पगाराची व्याख्या बदलली : मूळ पगार आणि महागाई भत्ता एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवायची जुनी युक्ती आता चालत नाही. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. माणूस सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगाराचा हिशेब चुकता करायचा आहे.

पत्र एका पानाचं पुरे. काम काय, कुठल्या पाळीत, पगार कसा मोडून, सुट्टी किती, परीक्षाधीन काळ किती, सोडताना किती दिवस आधी सांगायचं. मराठीत लिहा, वाचून दाखवा, एक प्रत हातात द्या. बिहार-ओडिशातून आलेल्या मुलांना हिंदीत द्या.

दोन वाईट सवयी आपल्या भागात अजून दिसतात. एक, माणूस पळून जाऊ नये म्हणून त्याची मूळ मार्कशीट किंवा आधार कार्ड ठेवून घेणं. हे ताबडतोब बंद करा. परदेशी ऑडिटर याला वेठबिगारीचं लक्षण मानतो, आणि माझ्या मते बरोबर मानतो. दुसरी, ‘सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ असं लिहून घेणं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सुटल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकाची ड्रॉइंग, दर आणि यादी बाहेर न नेण्याची अट साध्या शब्दांत लिहा. ती टिकते.

चौथी पायरी : पगार, पीएफ, ईएसआय, उचल

दहा माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटी, वीस झाली की पीएफ आणि बोनस. हे आकडे पाठ असू द्या, कारण सात-आठ माणसांचा कारखाना एका मोठ्या ऑर्डरने दोन महिन्यांत बाराचा होतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

ईएसआय एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला लागू होतो. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. म्हणजे अठरा हजार पगाराच्या ऑपरेटरचे १३५ रुपये आणि तुमचे ५८५. एवढ्यात त्याच्या घरच्यांचा दवाखाना सुटतो, हे त्याला नीट बसवून समजावून सांगा. पीएफ दोन्ही बाजूंनी १२ टक्के, सक्तीची मर्यादा पंधरा हजारांच्या पगारावर, म्हणजे १,८०० रुपये. दोन्हीचे भरणे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. निर्यातीचे पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात, १५ तारीख थांबत नाही. म्हणून दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची सवय पहिल्या वर्षापासून लावा. मालकाची गाडी एक वर्ष उशिरा आली तरी चालेल.

बोनस किमान ८.३३ टक्के. नव्या आस्थापनेला कायद्याने सूट आहे : माल विकायला सुरुवात केल्यानंतरची पहिली पाच वर्षं, ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षाचा बोनस द्यावा लागतो. तरीसुद्धा मी सांगेन की दिवाळीला रिकामे हात ठेवू नका. शेजारच्या शेडमध्ये बोनस वाटला जात असताना तुमचा सेटर घरी काय घेऊन जाणार? ही सूट वापरायचीच असेल तर दसऱ्याआधी सगळ्यांना एकत्र बोलावून खरी परिस्थिती सांगा.

उचल हा आपल्याकडचा नाजूक विषय. लग्न, दवाखाना, शाळेची फी यासाठी कामगार मालकाकडेच येतो. द्या, पण दीड महिन्याच्या पगाराच्या आत, लिहून, हप्ते ठरवून, आणि बिनव्याजी. उचलीच्या ओझ्याखाली कुणी अडकून राहिला तर तो मनाने केव्हाच गेलेला असतो.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे : निर्यातीच्या मालावर नगावर मजुरी ठेवू नका आणि रिजेक्शनचे पैसे पगारातून कापू नका. पैसे कापले की खराब भाग चांगल्यांच्या खाली लपतो, आणि तो सापडतो जर्मनीतल्या असेंब्ली लाइनवर. तिथे पूर्ण लॉट हाताने तपासायचा खर्च युरोमध्ये लागतो. उलट ज्याने स्वतःची चूक स्वतः दाखवली त्याचं नाव सकाळच्या पाच मिनिटांच्या बैठकीत घ्या.

पाचवी पायरी : दोन घड्याळं, दोन कॅलेंडरं

जर्मनी-नेदरलँड्सचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलतं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारी साडेबारा किंवा दीड, त्यांची संध्याकाळची पाच म्हणजे आपले रात्री साडेआठ किंवा साडेनऊ. न्यूयॉर्कचा गिऱ्हाईक असेल तर तो कामाला बसतो तेव्हा आपल्याकडे साडेसहा-साडेसात वाजलेले असतात. तरुण कंपनीत मग असं होतं की एकच माणूस सकाळी नऊला येतो, दिवसभर शॉपवर फिरतो आणि रात्री दहापर्यंत मेल लिहितो. वर्षभरात तो गळून जातो. त्याची पाळीच अकरा ते साडेसात करा, आठवड्यातले दोन दिवस रात्रीच्या कॉलचे ठरवा, आणि बाकी दिवशी साडेसातनंतर फोन न उचलायची मुभा स्पष्ट शब्दांत द्या.

कॅलेंडरही जुळवावं लागतं. युरोपात ऑगस्टमध्ये आणि नाताळात कारखाने बंद असतात, त्यामुळे जुलै आणि नोव्हेंबरच्या शेवटी ते माल मागतात. आपल्याकडे गणपती, दिवाळी आणि गावोगावच्या जत्रा. जत्रेला माणूस येणारच नाही, हे गृहीत धरा. जानेवारीतच प्रत्येकाच्या गावच्या जत्रेची तारीख विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि डिस्पॅचच्या तारखा त्याप्रमाणे कळवा. खरेदीदाराला तीन महिने आधी सांगितलेली सुट्टी चालते, आदल्या दिवशी सांगितलेली चालत नाही.

आणि पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. कुपवाडला शेडमध्ये पाणी आलं नाही तरी सांगलवाडी, हरिपूर, गावभागातली माणसं येऊ शकत नाहीत, आणि येऊही नये. पूरकाळाची भरपगारी रजा किती दिवस, कुणाच्या घरचं सामान हलवायला कंपनीचा टेम्पो मिळेल, आणि खरेदीदाराला कोण कळवणार, हे मे महिन्यात लिहून ठेवा. पाणी चढताना कंपनीचा टेम्पो ज्याच्या दारात उभा राहिला, तो माणूस पाचशे रुपयांसाठी दुसरीकडे जात नाही.

सहावी पायरी : खरेदीदाराचं ऑडिट

१ जानेवारी २०२३ पासून जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा लागू आहे : माल पुरवणाऱ्यांकडे कामगारांना नीट वागवलं जातं का, हे कंपनीने बघायचं. आधी किमान तीन हजार आणि २०२४ पासून किमान हजार माणसांच्या कंपन्यांना तो लागू झाला. कायदा त्यांच्यावर, पण प्रश्नावली येते तुमच्याकडे. बऱ्याच ठिकाणी स्मेटा ऑडिट मागतात, कुठे एसए ८००० प्रमाणपत्र; दोन्हींत कामगारांना कसं वागवता ते तपासतात. एसए ८००० प्रमाणे आठवड्याला ४८ तास आणि वर जास्तीत जास्त १२ तास ओव्हरटाइम, तोही कामगाराच्या खुशीने. ओव्हरटाइमचा दर आपल्या कायद्याने दुप्पट.

ऑडिटर काय करतो? हजेरी, पगारपत्रक आणि बँकेचं स्टेटमेंट एकमेकांशी ताडून बघतो. वयाचे दाखले बघतो. मग चार-पाच कामगारांना बाजूला घेऊन बोलतो, मालक तिथे नसतो. म्हणून ऑडिटसाठी दुसरी हजेरी बनवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. खोटी हजेरी उत्पादनाच्या नोंदीशी जुळत नाही : रविवारी मशिन बंद दाखवायचं आणि रविवारच्या तारखेचा तपासणी अहवाल फाइलला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. खरा ओव्हरटाइम जास्त असेल तर तो खरा दाखवा आणि कमी करायची तारीख लिहून द्या. प्रामाणिक त्रुटीला मुदत मिळते.

माल चढवायच्या घाईत बाहेर जायच्या दारासमोर पॅलेट रचून ठेवू नका, यावर सगळ्यात जास्त शेरे येतात. ठेकेदाराकडची माणसं असतील तर त्यांचा पगार, पीएफ दर महिन्याला तुम्ही स्वतः तपासा. ठेकेदाराने बुडवलं तर शेवटी द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते.

सातवी पायरी : बायकांसाठी जागा, नावापुरती नको

बेदाणा निवडणं, द्राक्ष पॅकहाउस, हळद पॅकिंग ही कामं बायकांच्या हातावर चालतात. द्राक्षाच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, रात्री उशिरापर्यंत बॉक्स भरले जातात. घरापर्यंत गाडी, वेगळं आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह, बसायला स्टूल, या तीन गोष्टींशिवाय रात्रीचं काम लावू नका.

दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या सदस्य बायका, एक सदस्य बाहेरची. समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. बाहेरची सदस्य म्हणून गावातली एखादी वकील किंवा बचतगटात काम केलेली, बायका जिच्याशी मोकळेपणाने बोलतील अशी बाई घ्या. मालकाच्या घरातल्या बाईला बसवून समिती कागदावर पूर्ण होते, पण तक्रार कुणी आणत नाही.

बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे. ईएसआयमध्ये असलेल्या बाईचा हा भार ईएसआय उचलतं, हे कित्येक मालकांना ठाऊकच नसतं, आणि त्या भीतीने ते नव्याने लग्न झालेल्या मुलीला नोकरी नाकारतात.

आठवी पायरी : शिकवणं

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला तेव्हा तिथे तयार कारागीर मिळणार नव्हते. त्यांनी कारखान्याबरोबर वसाहत उभी केली आणि आसपासच्या गावांतली माणसं कामात तयार केली. आपण त्याच मातीत आहोत, तयार माणूस मिळत नाही ही तक्रार आपल्या तोंडी शोभत नाही.

आयटीआयचे अॅप्रेंटिस घ्या. केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पंधराशे रुपयांपर्यंत, सरकार देतं. प्रत्येक अॅप्रेंटिसला एका जुन्या माणसाच्या हाताखाली नाव लिहून द्या, आणि पहिल्या पायरीतल्या लाल गोलांपैकी एक त्या दोघांच्या वाट्याला द्या. गोल हिरवा झाला की शिकवणाऱ्याचा पगार वाढवा. शिकवल्याने आपली किंमत कमी होईल अशी जुन्या कारागिराला भीती असते, ती बोलून जात नाही, पगाराने जाते.

यापेक्षाही मोठा गुण ज्या गोष्टीने आला ती सांगतो. एका दुपारी आम्ही खरेदीदाराला विनंती केली आणि त्यांनी व्हिडिओ कॉलवर त्यांची असेंब्ली लाइन दाखवली. आमचे पंधरा जण मोबाइलभोवती उभे होते. तिकडच्या माणसाने आमचाच भाग उचलला, त्या आडव्या भोकात एक बारीक ओ-रिंग बसवली आणि बरने ती कशी फाटते ते दाखवलं. भाषा कुणालाच कळत नव्हती. डिबरिंगचे मामा पुढे वाकून बघत होते, नंतर एवढंच म्हणाले, ‘आसं हाय व्हय.’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःहून विजेरी आणली. त्या भोकाची तक्रार पुन्हा आली नाही.

नववी पायरी : सोडून जाणारा माणूस

माणसं जाणारच. पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे आणि परदेशी गिऱ्हाइकाचं काम केलेल्या मुलाला तिथे मागणी आहे. राजीनामा आला की रागावू नका, पगार अडकवू नका. नोटिसीच्या महिन्यातले पहिले तीन आठवडे त्याने जोडीदाराला शिकवायचं आणि चौथ्या आठवड्यात काम जोडीदाराने करायचं, त्याने फक्त बघायचं. खरेदीदाराला मालकाने स्वतः मेल करून नव्या माणसाची ओळख करून द्यावी.

आमच्या ताईंनी वर्षभराने काम सोडलं, घरच्या कारणाने. तोपर्यंत मी मालकांच्या मागे लागून त्यांच्या जोडीला एक मुलगी मिळवून दिली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी ती डायरी टेबलावर ठेवली आणि प्रत्येक पान त्या मुलीला वाचून दाखवलं. पुढे सहा-आठ महिने ती मुलगी अडली की ताईंना फोन करायची, आणि ताई उचलायच्या. हिशेब वेळेत झाला होता, म्हणून उचलायच्या.

दहावी पायरी : परदेशातला आपला माणूस

चार-पाच गिऱ्हाइकं झाली की तिकडे एखादा माणूस हवासा वाटतो. थेट पगारावर नेमू नका. तिथले कामगार कायदे वेगळे असतात, आणि तो तुमच्या वतीने करार ठरवायला लागला तर त्या देशात तुमच्यावर कर बसू शकतो. बहुतेक जण कमिशन एजंट धरतात. इथे एक खाच आहे. युरोपीय संघाचा १९८६ चा कमर्शियल एजंटांबद्दलचा निर्देश सांगतो की करार संपवताना एजंटाला भरपाई मागता येते. जर्मनीसारख्या देशांत तिची कमाल मर्यादा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीवरून एका वर्षाच्या कमिशनएवढी आहे. करारात ‘भरपाई नाही’ असं लिहिलं तरी ते टिकत नाही. म्हणून पहिला करार ठरावीक मुदतीचा आणि नावानिशी दिलेल्या थोड्या गिऱ्हाइकांपुरता ठेवा, आणि सही करण्याआधी त्या देशातल्या वकिलाला एकदा दाखवा. त्या माणसाला वर्षातून एकदा कुपवाडला बोलवा. त्याला शॉपवर फिरवा, आणि डिबरिंगच्या टेबलापाशी थोडा वेळ उभं करा.